पोटातील महाधमनीचा फुगवटा: शस्त्रक्रिया आत्ताच हवी का?

प्रश्न: माझे वय ६८ आहे. देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे. लघवीच्या त्रासासाठी केलेल्या सोनोग्राफीत पोटातील महाधमनीला ३.८ सेंटिमीटरचा फुगवटा, म्हणजे अ‍ॅन्युरिझम, असल्याचे निघाले. दुखत काहीच नाही. मुंबईचा मुलगा म्हणतो, लगेच शस्त्रक्रिया करून मोकळे व्हा. घरची मंडळी मला बागेत जाऊ देत नाहीत. बिडीची सवय जुनी आहे. रक्तदाबाची गोळी आठवेल तशी घेतो. रात्री-अपरात्री काही झाले तर गावात काय करायचे, या विचाराने झोप लागत नाही. — एक वाचक, देवगड तालुका

उत्तर: महाधमनी म्हणजे हृदयातून निघणारी शरीरातील सर्वांत मोठी रक्तवाहिनी. पोटातील महाधमनी साधारणपणे दोन सेंटिमीटर रुंद असते आणि ती तीन सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक रुंद झाली की तिला अ‍ॅन्युरिझम म्हणतात. तुमचा फुगवटा लहान गटात मोडतो. चार सेंटिमीटरपेक्षा लहान फुगवटा वर्षभरात फुटण्याची शक्यता शंभरात एकापेक्षाही कमी असते, त्यामुळे आज रात्री काही होईल या भीतीने जागे राहण्याचे कारण नाही.

मुलाची काळजी मी समजू शकतो, पण घाईची शस्त्रक्रिया तुमच्या हिताची नाही. ब्रिटनमध्ये चार ते साडेपाच सेंटिमीटरचा फुगवटा असलेल्या १,०९० रुग्णांपैकी काहींवर लगेच शस्त्रक्रिया केली गेली आणि इतरांवर सोनोग्राफीने नजर ठेवली गेली. १९९८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा लगेच शस्त्रक्रिया झालेले लोक अधिक जगले असे दिसले नाही. उलट पोट उघडून केलेल्या त्या शस्त्रक्रियेनंतर महिन्याभरातच शंभरात पाच-सहा जण दगावले होते. अमेरिकेतील अशाच अभ्यासानेही २००२ मध्ये हेच सांगितले. म्हणून पुरुषांमध्ये फुगवटा साडेपाच सेंटिमीटरला पोहोचला, वर्षभरात एक सेंटिमीटरहून अधिक वाढला किंवा त्यामुळे दुखू लागले, तरच शस्त्रक्रियेचा विचार होतो. स्त्रियांमध्ये ही मर्यादा पाच सेंटिमीटरच्या आसपास धरतात. जांघेतून नळी घालून आतून आवरण बसवण्याची पद्धत आता आहे. तिच्यासाठीही लहान फुगवट्यात घाई करून फायदा दिसलेला नाही.

तुमच्या आकारासाठी साधारणपणे वर्षातून एकदा सोनोग्राफी पुरते; नेमके अंतर तुमचे डॉक्टर ठरवतील. शक्यतो त्याच केंद्रात जावे आणि जुना अहवाल सोबत न्यावा. माप भिंतीच्या आतील कडेपासून घेतले की बाहेरील, एवढ्यानेही दोन-चार मिलिमीटरचा फरक पडतो, त्यामुळे पुढच्या अहवालात चार सेंटिमीटर दिसले तर लगेच घाबरू नये.

आता बिडीविषयी, कारण तुमच्या पत्रातील सर्वांत चिंतेची गोष्ट मला तीच वाटते. हा फुगवटा होण्याचे आणि तो झपाट्याने वाढण्याचेही मोठे कारण धूम्रपान आहे. फुगवट्याची वाढ रोखणारी खात्रीची गोळी आजवर सापडलेली नाही. डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाचीही त्यासाठी तपासणी झाली, उपयोग दिसला नाही. बिडी सोडणे मात्र तुमच्या हातात आहे. ती कमी करून भागणार नाही, आणि तिच्या जागी मिश्री किंवा तंबाखूची पुडी आणूनही नाही. एकट्याने जमत नसेल तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय तंबाखूमुक्ती मदतवाहिनीवर विनामूल्य समुपदेशन मिळते, आणि निकोटिनच्या च्युइंगगमविषयी डॉक्टरांना विचारता येते. रक्तदाबाची गोळी ठरलेल्या वेळी, न चुकता घ्यावी. फुगवटा असलेल्या माणसाला हृदयविकाराचा धोकाही बराच असतो, म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी आणि अ‍ॅस्पिरिन हवी का, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे. सुके खारे मासे, लोणची आणि पापड यांना आवर घालावा.

लघवीच्या त्रासासंबंधी एक गोष्ट मला आग्रहाने सांगायची आहे. मूत्रमार्गाच्या संसर्गावर सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन सर्रास दिले जाते. ज्यांना महाधमनीचा फुगवटा आहे त्यांना दुसरा पर्याय असताना ही औषधे देऊ नयेत, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१८ मध्ये दिला आहे. म्हणून गावच्या दवाखान्यात असो वा औषधाच्या दुकानात, आपल्याला अ‍ॅन्युरिझम आहे हे आधी सांगावे.

बागेत जाणे थांबवू नका. रोज चालणे, कलमांना पाणी घालणे, जमिनीवर उभे राहून झेल्याने आंबा उतरवणे, यांपैकी कशानेही फुगवटा फुटत नाही आणि वाकणेही वर्ज्य नाही. भरलेल्या पेट्या श्वास रोखून उचलणे आणि झाडावर चढणे मात्र तरुणांवर सोपवावे. कुंथावे लागत असल्यास बद्धकोष्ठावरही उपचार घ्यावेत.

पोटात, पाठीत किंवा कुशीत अचानक तीव्र कळ आली, घाम सुटला किंवा चक्कर आली तर गॅस किंवा मुतखडा समजून घरी थांबू नये. १०८ क्रमांकाला फोन करून पहिल्याच वाक्यात ‘महाधमनीचा अ‍ॅन्युरिझम आहे’ असे सांगावे. अहवालाचा फोटो घरच्यांच्या मोबाइलमध्ये असावा. रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेची सोय कोल्हापूर, गोवा की मुंबई, कुठे जवळ पडेल, हे तज्ज्ञाकडून आजच ठरवून ठेवावे.

हा विकार काही घराण्यांत आढळतो. तुमचे सख्खे भाऊ साठीच्या पुढचे असतील, तर त्यांचीही पोटाची एक सोनोग्राफी करून घ्यावी. विशेषतः ते बिडी ओढत असतील तर लवकर.