काटकसर कुणाच्या ताटातून?

"मॅडम, आम्ही चैन अशी काहीच करत नाही, तरी वीस तारखेला हात रिकामा. आता अजून कुठे कापू?" हा प्रश्न हल्ली माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या जवळपास प्रत्येक बाईच्या तोंडी असतो. मालवण तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या गावातून आलेल्या सुमनताईंनीही (नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत) हेच विचारलं होतं.

खरं तर त्या आल्या होत्या नवऱ्याशी होणाऱ्या भांडणांबद्दल बोलायला. नवरा रिक्षा चालवतो, घरात सासूबाई, मुलगी बारावीला, मुलगा आठवीत. खर्चाचा विषय काढला की नवरा ताटावरून उठतो, ही त्यांची तक्रार. सांगता सांगता घसा कोरडा पडला म्हणून त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, तिच्याबरोबर गोळ्यांची पट्टीही बाहेर आली. पट्टीला रबर लावलेलं आणि रबराखाली कागदाची बारीक पुडी. पुडीत अर्धी गोळी.

"प्रेशरची आहे. अर्धीच घेते. पट्टी दुप्पट दिवस पुरते."

भांडण मी बाजूला ठेवलं. मासळी आणली की तुकडी कुणाला? मुलांना आणि ह्यांना. आणि तुम्हाला? "सार असतं ना." दूध? चहापुरतं. चष्मा? दोन वर्षं राहिलाय.

अशी काटकसर मी फार घरांत पाहिली आहे आणि दर वेळी पोटात कालवतं. बाई स्वतःच्या ताटातून, औषधातून कापत राहते. घरात कुणाला त्याचा पत्ता नसतो, म्हणून कुणी आपली सवय बदलत नाही. आपलं कुणाला दिसतच नाही हे दुःख मग भलत्याच वेळी, भलत्याच शब्दांत बाहेर पडतं.

त्या दिवशी मी एकच गोष्ट आग्रहाने सांगितली. गोळी डॉक्टरांनी सांगितली तेवढीच घ्यायची, आपल्या मनाने अर्धी करायची नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाबाच्या गोळ्या फुकट मिळतात, आणि विकतच घ्यायच्या झाल्या तर जनऔषधी केंद्रात बऱ्याच स्वस्त पडतात. दुसरं, घरचं काम दिलं. दुधाचा खाडा मांडतो तसा रोजचा खर्च कालनिर्णयाच्या चौकोनात लिहायचा. सगळ्यांचा: नवऱ्याचा तंबाखू, सासूबाईंची भिशी, मुलाचा मोबाईल रिचार्ज. लिहायचं मुलांनी, म्हणजे ती आईची कटकट ठरत नाही.

महिन्याने नवरा आणि सासूबाईही आल्या. नवऱ्याच्या हातात कालनिर्णयाचं सुटं पान, सुरळी केलेलं. बराच वेळ गप्प बसून तो म्हणाला, "ही पैसे नाहीत म्हणाली की मला ऐकू यायचं, तू कमवत नाहीस." सुमनताईंनी चमकून त्याच्याकडे पाहिलं. अठरा-वीस वर्षांच्या संसारात हे त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या.

सासूबाईंना गोळीचं कळलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "माका कोणी सांगूकच नाय."

पुढचं त्यांचं त्यांनी ठरवलं. नवरा दुपारी जेवायला स्टँडवरून रिकामी रिक्षा घेऊन घरी यायचा. आता डबा नेतो. अंघोळीचं पाणी गॅसऐवजी न्हाणीच्या चुलीवर. माडाची चुडतं (झावळ्या), नारळाची सोडणं (वरची सालं), करवंट्या परसात पडूनच होत्या. 14.2 किलोचा सिलिंडर महिनाही टिकत नव्हता, तो आता दहाएक दिवस जास्त जातो. (स्वयंपाक मात्र गॅसवरच राहू दे म्हटलं, धुरापायी खोकला ओढवून घेण्यात काय बचत?) वीजबिलाकडे मुलाने लक्ष घातलं. शंभरच्या वरच्या युनिटला दर चढतो हे कळल्यावर विहिरीचा पंप कधी लावायचा, कधी बंद करायचा, हे तो ठरवू लागला.

सासूबाई सगळ्यात खुलल्या. पावसाळ्यात मासेमारी बंद, मासळी महाग, म्हणून पूर्वी मे महिन्यातच घरोघरी बेगमी व्हायची. सुका बांगडा, सुकट, कुळीथ, आमसुलं. अलीकडे पाहुण्यांसमोर कुळथाची पिठी आणि भात वाढायला लाज वाटते म्हणून या घरात ते सुटलं होतं. यंदा त्यांनी नातीला हाताशी घेऊन डबे भरले. सुमनताईंना प्रेशर असल्याने खारी मासळी बेताने खा, असं मला सांगावं लागलं. म्हणून कुळथाचा डबा मोठा भरला.

सगळं मिटलेलं नाही. गणेश चतुर्थीला मुंबईचे चाकरमानी येणार, तेव्हा मखर-रोषणाई हवीच, त्यासाठी पतपेढीतून कर्ज काढू, असं नवरा म्हणतो. कवंडळं, कांगल्या अशी रानातली फळं बांधून माटवी (गणपतीच्या वर टांगलेली लाकडी चौकट) सजवू, तेवढं पुरे, असं सासूबाईंचं म्हणणं. लोक काय म्हणतील ही त्याची भीती खरी आहे, ती मी धुडकावून लावत नाही. पुढच्या भेटीत तोच विषय घ्यायचा ठरलाय.

निघताना मुलीने पाठवलेला पुढच्या महिन्याच्या पानाचा फोटो सुमनताईंनी मोबाईलवर दाखवला. आठ तारखेच्या चौकोनाला लाल पेनाने गोल केलेला, आत लिहिलेलं: आईचा चष्मा.