कान दुखतोय, पण कान तर ठणठणीत!

प्रश्न: डॉक्टर, वय ३४. दोनेक महिने उजवा कान दुखतोय म्हणून कानाच्या डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले कान एकदम क्लिअर. मग अक्कलदाढ असेल म्हणून एक्सरे काढला, त्यातही काही नाही. सकाळी उठलं की गालफडं आवळून बसल्यासारखी वाटतात, जांभई दिली की कानाजवळ कट्ट होतं. नवरा म्हणतो मी झोपेत दात खाते. मैत्रीण म्हणाली जबड्याचं ऑपरेशन करावं लागतं. खरंय का?

उत्तर: ताई, ऑपरेशनचं आधी डोक्यातून काढा. दोन्ही कानांच्या जरा पुढे बोटं ठेवून तोंड उघडा-मिटा, बोटाखाली सरकतं ना काहीतरी, तोच जबड्याचा सांधा, आम्ही टीएमजे म्हणतो. कानाला इतका खेटून आहे की त्याचं दुखणं कानातच वाटतं. त्यात एक चकती असते, ती पुढे घसरलेली असली की तोंड उघडताना जागेवर येते आणि कट्ट वाजतं. नुसता आवाज असेल, दुखत नसेल तर सोडून द्या, भरपूर जणांना असतो.

तुमचं दुखणं मला स्नायूंचं वाटतंय. आणि रात्रीचं राहू दे, दिवसा बघा, भाजी चिरताना, ट्रॅफिकमध्ये दात एकमेकांवर दाबलेले असतात का? ओठ मिटलेले पण दात सुटे, असं हवं. फ्रीजवर एक टिकली चिकटवा, दिसली की जबडा सैल सोडायचा. हसू नका, करून बघा.

महिनाभर चकली, च्युइंगगम बंद, गालाला दहा मिनिटं गरम शेक, जांभई आली की हनुवटीखाली मूठ. दातांच्या डॉक्टरांकडून मापाचा नाईट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर बसवायचं कवच, करून घ्या, ऑनलाइन मागवू नका, आणि लगेच कुणाला मशीनने दात झिजवून चावा, म्हणजे दात एकमेकांवर बसायची ठेवण, बदलू देऊ नका, झिजवलेला दात परत येत नाही.

तोंडात तीन बोटं उभी मावतायत ना? मावत नसतील आणि सुपारी-गुटख्याची सवय असेल तर तो आजारच वेगळा, लगेच दाखवा. ब्रश लागला तरी गालात करंट बसल्यासारखी कळ येत असेल तर ते नसेचं दुखणं. घरात पन्नाशीपुढच्या कुणाची कानशिलं दुखतायत, चावताना जबडा भरून येतोय आणि अंधुक दिसतंय, तर त्याच दिवशी हॉस्पिटल, नजर जाऊ शकते. आणि जिना चढताना दुखणारा, थांबलं की थांबणारा जबडा माझ्याकडे आणू नका, ते हृदयाचं दुखणं असू शकतं, आधी ईसीजी काढा.