काटा माळ्यावरून खाली काढा

पत्र: ताई, मी ४४ वर्षांचा. घर ऐरोलीला, नोकरी वाशीला. दीड वर्षात १०४ किलोंवरून ८३ वर आलो. गणपतीला गावी चार दिवस मोदक, वडे, सगळं खाल्लं. परतल्यावर तीन किलो वाढलेले दिसले. दोन दिवस कडक उपास केला, तिसऱ्या संध्याकाळी स्टेशनबाहेर तीन वडापाव खाल्ले आणि काटा माळ्यावर टाकला. आता पँट लागत नाहीत. ज्या टेलरने त्या आवळून दिल्या त्याच्याकडे जायची लाज वाटते. बायको सगळ्यांसमोर पोळ्या मोजते, मग सगळे झोपले की मी फ्रीज उघडतो. माझ्यात मनोनिग्रहच नाही का?

उत्तर: तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. घात मोदकांनी झालेला नाही. चार दिवसांत वाढलेल्या तीन किलोंत बरंचसं पाणी असतं. नेहमीच्या जेवणावर आला असता तर आठवड्या-दोन आठवड्यांत त्यातलं पुष्कळ उतरलं असतं. घात झाला तो त्यानंतरच्या तीन दिवसांत. आधी शिक्षा म्हणून उपास, मग भुकेचा कडेलोट, मग ‘आता गेलंच सगळं’. ॲलन मार्लाट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी दारू सोडलेल्यांच्या बाबतीत हेच टिपलं होतं: एकदा पाय घसरला की माणूस स्वतःला नालायक ठरवतो, आणि पुढची घसरण त्या निकालामुळे होते.

मनोनिग्रह हा शब्द मला इथे अन्यायाचा वाटतो. २०११ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी वजन उतरवलेल्यांच्या रक्ताची तपासणी केली. वर्ष उलटलं तरी भूक वाढवणारं संप्रेरक चढलेलं आणि पोट भरल्याचं सांगणारी संप्रेरकं उतरलेली होती. म्हणजे तुमचं शरीर गेलेले किलो परत मागत असतं. एकवीस किलो उतरवणाऱ्या माणसाला कमकुवत म्हणायला माझी जीभ धजत नाही.

म्हणून काटा खाली काढा. २००६ साली अमेरिकेत ३१४ जणांवर एक प्रयोग झाला. सगळ्यांनी आधीच्या दोन वर्षांत किमान दहा टक्के वजन उतरवलेलं होतं. एका गटाला नुसती माहितीपत्रकं मिळाली. दुसऱ्याला प्रत्यक्ष भेटीत रोज वजन करायला आणि आकडा ठरलेल्या हद्दीबाहेर गेला की लगेच हालचाल करायला शिकवलं. दीड वर्षात सव्वादोन किलो किंवा जास्त वजन परत आलं ते पहिल्या गटात ७२ टक्क्यांचं, दुसऱ्यात सुमारे ४६ टक्क्यांचं. शिकवलेल्यांतही जवळजवळ निम्म्यांचं परत आलं, हे लपवत नाही. पण फरक मोठा आहे. तुम्ही रोज नाही, तरी आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी, वजन करून वहीत लिहा. आजचा आकडा ही तुमची नवी सुरुवात धरा, ८३ शी तुलना नको. त्यावर दोन किलो चढले तर काय करायचं ते आत्ताच लिहून ठेवा: रोजचं चालणं वीस मिनिटांनी वाढवीन, बाहेरचं खाणं आठवड्यातून एकदाच. उपास मात्र त्या यादीत नको.

वडापावचंही आधीच ठरवा. दुपारचा डबा पूर्ण खा. संध्याकाळी गाडीआधी भूक लागली तर बॅगेतले फुटाणे. स्टेशनावर, त्या वासात उभं राहून निर्णय घ्यायची वेळच येऊ देऊ नका.

बायकोला शांतपणे सांगा, ‘पोळ्या मोजू नकोस, मग मी चोरून खातो. त्यापेक्षा जेवणानंतर माझ्याबरोबर खाली चालायला ये.’ ती काळजीनेच मोजत असणार. काळजीला दुसरं काम द्या.

रात्रीच्या खाण्याबद्दल मात्र मी गंभीर आहे. खाताना थांबताच येत नसेल, आठवड्यातून एकदा किंवा जास्त वेळा, महिनोन्‌महिने असं होत असेल, तर तो आजार असू शकतो. त्यावर विचार-वर्तन उपचारपद्धतीचा चांगला उपयोग होतो. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, सुरुवात म्हणून १४४१६ वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

आणि या शनिवारी पँट घेऊन टेलरकडे जा. पोट आवळून दिवसभर खुर्चीत बसलात की दर तासाला स्वतःचा राग येतो, आणि तो राग संध्याकाळी स्टेशनबाहेर भूक होऊन उभा राहतो. दोन पँट सैल करून घ्या. टेलर रोज किती तरी कपडे उसवतो आणि आवळतो, तुमचीही त्यातलीच.