खाणीभोवतीच्या वनस्पतींची नोंद : पहिल्या सर्वेक्षणाला निघण्यापूर्वी

सातारा जिल्ह्यातील जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे जांभा खडकाच्या उघड्या पठारावर, खाणीभोवतीच्या वनस्पतींची नोंद करायची असेल, तर एकाच फेरीवर विसंबू नका. एप्रिलमध्ये उघडा कातळ दिसणाऱ्या जागी पावसाळ्यात गेंद, सीतेची आसवे आणि वायतुरा उगवतात. वायतुऱ्याचा कंद कोरड्या महिन्यांत मातीखाली राहतो, त्यामुळे उन्हाळी पाहणीवरून ‘येथे काही नाही’ असा अहवाल देणे हा त्या सड्यावर अन्यायच होय. जून ते ऑक्टोबर दर महिन्याला जावे. झाडांसाठी हिवाळ्यानंतरची एक फेरी पुरते.

खाणीच्या कडेपासून बाहेरच्या दिशेने सरळ रेषा आखून ठरावीक अंतरांवर चौकटी (आतील वनस्पती नोंदवण्यासाठी आखलेले चौरस) टाकाव्यात : गवत व लहान रोपांसाठी १ मीटर, झुडपांसाठी ५ मीटर आणि वृक्षांसाठी १० मीटर बाजूची. एक रेषा धूळ वाहून जाते त्या दिशेला, दुसरी विरुद्ध दिशेला असावी, आणि तुलनेसाठी तशाच खडकाचा, तेवढ्याच उंचीवरचा, खाण नसलेला सडा निवडावा. तुलनेचा सडा नसेल, तर फरक खाणीमुळे पडला की मातीमुळे, हे सांगताच येत नाही. घाणेरी, रानमोडी आणि गाजरगवत यांचे प्रमाण वेगळे लिहावे, कारण उकरलेल्या जमिनीवर तीच आधी पसरतात.

दुर्मीळ रोप उपटू नये, छायाचित्र पुरेसे आहे. खाणमालकाची व वनखात्याची परवानगी आधी घ्यावी आणि सुरुंगाच्या वेळा विचारून घ्याव्यात.