आयटी आणि धंद्याचं धोरण जुळवायचं तर संचालकांना तंत्रज्ञान किती समजायला हवं?

तुम्ही विचारलंय की संचालकांना आयटी कळत नाही, तर त्यांना नेमकं काय शिकवायचं. माझं स्पष्ट मत: सर्व्हर, क्लाउड यातलं काहीही नको. अडचणीचे प्रश्न विचारायची सवय लावा.

मी बँकांच्या आयटी प्रकल्पांत काम करतो. याचं उदाहरण म्हणून ब्रिटनच्या टीएसबी बँकेकडे बघावं. २०१५ मध्ये स्पेनच्या सबाडेल बँकेने ती विकत घेतली. तिची खाती तेव्हा लॉइड्स या तिच्या आधीच्या मालक बँकेच्या प्रणालीवर चालत आणि त्यासाठी लॉइड्सला पैसे मोजावे लागत. तिथून सबाडेलच्या प्रणालीवर जायचं ठरलं. धंद्याच्या हिशेबाने निर्णय रास्त होता, म्हणजे कागदावर आयटी आणि धोरण जुळलेलंच होतं.

गोंधळ पुढे झाला. आधी तारीख ठरली आणि मग तिच्यात काम बसवलं गेलं. २०१७ मध्ये तारीख हुकली, तरी नवं वेळापत्रकही तसंच, आधी तारीख धरून आखलं. काम इतकं मागे पडलं असताना थोड्या महिन्यांत ते कसं उरकणार, हे संचालक मंडळाने खोदून विचारलं नाही, असं नंतरच्या चौकशी अहवालात आलं. एप्रिल २०१८ मध्ये जवळपास सगळे ग्राहक एका झटक्यात हलवले. खात्यांची माहिती नव्या प्रणालीत नीट पोचली, पण प्रणाली कोलमडली आणि सुमारे १९ लाख लोकांना आपली खाती उघडता येईनात. डेटा सेंटर, म्हणजे सर्व्हर ठेवायची ठिकाणं, दोन होती, पण भाराची चाचणी (एकाच वेळी खूप लोक आले तर प्रणाली टिकेल का, ही) एकाचीच झालेली. ‘दोन्हीकडे चाचणी झाली का?’ हे विचारायला कुठली पदवी लागते? २०२२ मध्ये नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंड दंड केला, पुढच्या वर्षी तिच्या माजी आयटीप्रमुखालाही.

आपल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार १ एप्रिल २०२४ पासून व्यापारी बँकांना संचालकांची आयटी धोरण समिती लागते. तिचा अध्यक्ष आयटीचा जाणकार स्वतंत्र संचालक हवा आणि बैठक किमान तिमाहीला व्हायला हवी. तुमची कंपनी बँक नसली तरी ही रचना उचलण्यासारखी आहे.

आणि अर्धी जबाबदारी आपली, आयटीवाल्यांची. प्रस्तावाच्या पहिल्या पानावर उत्पादनांची नावं नकोत. कुठल्या ग्राहकाचं काय सोपं होणार, हे बंद पडलं तर काय अडेल, त्याच्याशिवाय किती तास चालवून घेता येईल, मागे फिरायची सोय आहे का, एवढंच लिहा. पुढच्या बैठकीत नवं बजेट मागण्याआधी एखादा चालू प्रकल्प घेऊन हीच उत्तरं त्यांच्यापुढे ठेवा.