फायर अलार्मचं काम नवीन अंगावर आलंय? मग हे वाच

चाकणच्या कारखान्यात सेफ्टीचं काम घेतलंयस, चांगलं केलंस. रोज सकाळी आल्या आल्या आधी अलार्मचं पॅनल बघ. फॉल्टचा पिवळा दिवा लागलाय आणि कुणीतरी बझर म्यूट करून ठेवलाय, असं दिसलं तर कारण सापडेपर्यंत सोडू नकोस.

आठवड्यातून एकदा एक मॅन्युअल कॉल पॉइंट, म्हणजे आग दिसल्यावर दाबायची भिंतीवरची लाल पेटी, टेस्टच्या चावीने चालव. दर वेळी वेगळा. आधी सिक्युरिटीला आणि शिफ्टच्या सुपरवायझरना कळव. हूटर कॉम्प्रेसर रूममध्ये, टॉयलेटमध्ये ऐकू येतो का, हे तिथे माणूस उभा करूनच ठरव. पॅनलवरचा झोन (कारखान्याचा कोणता भाग ते) आणि प्रत्यक्षातली जागा जुळते का, तेही बघ. शेडमध्ये पार्टिशन बदलतात, पॅनलवरची नावं जुनीच राहतात.

बॅटरीवर सगळ्यात जास्त लक्ष दे. मीटरवर 27 व्होल्ट दिसले म्हणून निर्धास्त होऊ नकोस, तो आकडा चार्जरचा असतो. पॅनलचा मेन सप्लाय बंद करून हूटर वाजव, मग खरी अवस्था कळते.

स्मोक डिटेक्टर उदबत्तीने तपासू नकोस, आत चिकट थर बसतो. टेस्ट स्प्रे वापर. रंगकामानंतर डिटेक्टरवरच्या टोप्या स्वतः मोजून काढून घे.

जानेवारी आणि जुलैला लायसन्सधारक एजन्सीकडून फॉर्म 'बी', म्हणजे यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, घ्यावा लागतो, 2006 च्या महाराष्ट्र अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे. एजन्सीचा माणूस येईल तेव्हा त्याच्याबरोबर फीर. रजिस्टरमध्ये नुसतं 'ओके' नको. कोणता पॉइंट, किती वाजता, काय बिघडलं आणि कधी दुरुस्त झालं, ते लिही.