गुहागरचा प्लॉट, बोअर आणि भरती रेषा

प्रश्न (मिरज): गुहागरकडं समुद्राला लागून पाच गुंठे बघून ठेवलेत. एजंट म्हणतोय एनए आहे, सातबारा क्लिअर आहे, बिनधास्त घर बांधा, बोअर मारा. आपल्याकडं सांगलीत निळ्या रेषेची कटकट असते तसलं तिकडं काय असतं का?

उत्तर: असतंय की दादा, आणि निळ्या रेषेपेक्षा कडक. आपली निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या, ते पाटबंधारेवाल्यांचं काम. तिकडं लागतो सीआरझेड, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राचा नियम, पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ खालची अधिसूचना, १९९१ ला पहिली आली, मग २०११, मग १८ जानेवारी २०१९. मोजणी होते भरती रेषेपासनं, म्हणजे भरतीचं पाणी जिथवर चढतं तिथनं, जमिनीकडं ५०० मीटर आतपर्यंत. एनए झालं म्हणजे सीआरझेड सुटलं असं अजिबात नाही.

एजंटलोकांचं आवडतं वाक्य आहे, "नवीन नियमात फक्त ५० मीटर सोडायचेत." अर्धं खरं. ही सूट २०११ च्या जनगणनेत चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त माणसं असलेल्या गावांना, तीपण मंजूर किनारा व्यवस्थापन नकाशाच्या जोरावर, आणि रत्नागिरी जिल्ह्याची सरासरीच २०० च्या आत! बाकी गावांना २०० मीटर ना विकास क्षेत्र, तिथं आधीचं अधिकृत घर असेल तर दुरुस्ती वगैरे, नवीन बंगला नाही. २०० ते ५०० मध्येपण घराची मुभा आहे ती गावठाण, कोळीवाडा अशा परंपरागत हक्कांच्या चौकटीत, तळमजला अधिक एक, उंची ९ मीटर. मिरजेच्या माणसाचा वीकेंड बंगला त्यात कसा बसवणार ते एजंटला लेखी विचारा, गप्प बसतोय बघा.

आता बोअर. २०० मीटरच्या आत जमिनीखालचं पाणी उपसता येत नाही, स्थानिक वस्तीच्या स्वतःच्या वापरापुरती सूट आहे. २०० ते ५०० मध्ये साधी विहीर, हातानं उपसा, तेपण दुसरं पाणीच नसेल तर. मोटर लावून ओढलं की गोड पाणी संपतं आणि त्या जागी समुद्राचं खारं पाणी आत येतं, मग तुमचीच नाही शेजाऱ्याचीपण विहीर खारी. शिरोळ-मिरजेत क्षारपड जमिनी बघितलेल्या माणसाला मीठ एकदा मुरलं की काय होतं ते वेगळं सांगायला नको, फक्त आपल्याकडं ते जादा पाणी दिल्यानं झालंय आणि तिकडं जादा ओढल्यानं होतं.

प्लॉट खाडीकाठी असेल तर अंतर वेगळं, ५० मीटर किंवा खाडीची रुंदी यातलं जे कमी ते. (आपल्या कोयनेचं पाणी वीज करून वाशिष्ठीतनं त्याच समुद्राला जातं, तिथंही भरतीचं पाणी पोचतं तेवढ्या नदीकाठाला हाच नियम.) इसार द्यायच्या आधी गट नंबर टाकून मंजूर किनारा व्यवस्थापन नकाशावर जागा कुठं पडते ते लेखी काढून घ्या.

प्रश्न (कोरेगाव): गावच्या नळयोजनेच्या विहिरीशेजारी एकजण बोअर मारतोय, जमीन माझी म्हणतो.

उत्तर: जमीन त्याची असू दे. महाराष्ट्र भूजल अधिनियम २००९ प्रमाणं पिण्याच्या सार्वजनिक स्रोतापासनं ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर-बोअर घेता येत नाही. ग्रामपंचायतीचा ठराव जोडून तहसीलदारांकडं अर्ज द्या आणि पोच घ्या, गाडी रानात उभी राहायच्या आत.